पडायला तयार नसलेला सेनापती

हेर्र क्लेंक यांची आणि माझी ओळख झाडूवरून झाली. ओळख म्हणजे भांडणच, पण या माणसाच्या बाबतीत त्या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

आम्ही तेव्हा जर्मनीत नेकारसुल्मजवळच्या एका गावात नवीन राहायला आलो होतो. नवरा मंदार गाड्यांच्या कारखान्यात, मी सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी इरा किंडरगार्टनमध्ये. खाली घरमालक क्लेंक एकटे, वर आम्ही तिघं. त्या भागात केअरवोखे नावाचा एक प्रकार असतो. ज्याच्या दारावर ती लाकडी पाटी लटकेल, त्याने त्या आठवड्यात जिना, अंगण आणि घरासमोरचा फुटपाथ झाडायचा. मग पाटी दुसऱ्याच्या दारावर. पहिल्याच आठवड्यात पाटी आमच्या दारावर आली. शनिवारी मी जिना झाडला, वर पुसूनही घेतला, आणि चहा ठेवला तेवढ्यात बेल वाजली.

दारात उंचापुरा म्हातारा. झुपकेदार पांढऱ्या मिशा, गुडघ्यापर्यंत बूट, आणि अंगाला कसला तरी वास, जो घोड्याचा होता हे मला नंतर कळलं. मला घेऊन ते जिना उतरले आणि एका पायरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक वाळकं पान पडलं होतं. एकच.

मी त्या दिवशी सकाळपासून वैतागलेली होते. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी त्यांना ऐकवलं की हे पान मी झाडल्यावर आलंय, वाऱ्याने आलंय, आणि वाऱ्याची जबाबदारी आमच्या भाडेकरारात लिहिलेली नाही. जर्मन संपलं तेव्हा उरलेलं मराठीत सुनावलं. त्यात 'डोकं फिरलंय का तुमचं' हेही होतं. क्लेंकनी सगळं नीट ऐकून घेतलं. मिशा हलल्या. मग "या, या, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं म्हणून ते खाली निघून गेले, आणि संध्याकाळी आमच्या दारात द्राक्षांची टोपली ठेवलेली सापडली.

मंदारला वाटलं, घर खाली करायची ही नम्र सूचना असेल. तसं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून त्यांनी मला सांगितलं की आधीचे भाडेकरू भांडायचेच नाहीत, नुसते ईमेल पाठवायचे. "ज्याच्याशी भांडता येत नाही, त्याच्यासोबत एका छपराखाली राहायचं कसं?" असं त्यांनी मला अगदी मनापासून विचारलं.

त्यांची भांडणं मग आम्ही रोज ऐकू लागलो. ब्रेझेल नावाच्या पीळदार पावावर मीठ कमी म्हणून बेकरीवालीशी, दोन मिनिटं आधी आला म्हणून बसच्या ड्रायव्हरशी. उशिरा आलेल्या बसला ते माफ करायचे, पण लवकर आलेली बस म्हणजे विश्वासघात. नगरपालिकेने रस्त्याच्या टोकाचं गिंकोचं झाड तोडायचं ठरवलं, तर हे झाडाखाली खुर्ची टाकून बसले आणि येणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याशी वेगवेगळ्या मुद्द्यावर भांडले. शेवटी झाड राहिलं. बेकरीवाली मात्र त्यांच्यासाठी रोज एक ब्रेझेल बाजूला काढून ठेवायची, जास्त मिठाचं. आजारी पडले तर तोच बसचा ड्रायव्हर दारात थांबून चौकशी करायचा. हे गणित मला कळायला वेळ लागला.

आणि हो, हे सेनापती होते. जन्मभर कारखान्याच्या रंगखात्यात फोरमन, पण वर्षातून एकदा घोडदळाचे सेनापती.

जर्मनीत चार माणसांना एकच वेड लागलं की ती फेराइन काढतात, म्हणजे रीतसर मंडळ. यांच्या फेराइनचं वेड होतं अमेरिकेतली यादवी. दीडेकशे वर्षांपूर्वी उत्तर आणि दक्षिण आपसात लढले, ती लढाई हे लोक दर ऑक्टोबरात गावाबाहेरच्या कुरणावर जशीच्या तशी पुन्हा लढायचे. तंबू, बिगुल, निळे कोट, करडे कोट, बिनगोळीच्या बंदुका. बघायला अख्खं गाव, हातात सॉसेज घेऊन. अमेरिकेच्या भांडणाशी तुमचा काय संबंध, असं मी क्लेंकना एकदा विचारलं आणि पुढचा सगळा रविवार घालवून बसले.

संबंध असा, की त्यांच्या पणजोबांचा भाऊ याच गावातून बोटीने अमेरिकेला गेला आणि उत्तरेच्या घोडदळात शिपाई झाला. त्याचा जो सेनापती होता, तो क्लेंक लढाईत व्हायचे. त्याचं नाव ते घेत नसत, 'माझा माणूस' म्हणायचे, आणि त्याच्याबद्दल अशा तावातावाने बोलायचे, जणू तो काल कॉफी पिऊन गेलाय. हा माणूस शत्रूशी भांडला त्याहून जास्त आपल्याच वरिष्ठांशी भांडला. घोड्यांना दाणा मिळाल्याशिवाय हलणार नाही म्हणून ऐन कूच करायच्या वेळी अडून बसला. उलट उत्तर दिलं म्हणून त्याला अटक झाली आणि दुसरं कोणी घोडदळ हाकू शकेना म्हणून सोडूनही दिलं. बाहेर आला, तर तलवार परत करताना नीट पुसली नाही म्हणून पुन्हा भांडला. शेवटी एका ओढ्याशी कुठल्याशा चकमकीत गोळी लागून पडला, तेही आपल्या बिगुलवाल्याला 'सूर चुकतोय' म्हणून झापत असताना. हे सांगताना क्लेंकचे डोळे चमकायचे. असं मरण आवडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि गंमत बघा, नेमकं हेच मरण ते मरत नव्हते.

आमच्या पहिल्याच ऑक्टोबरात मी ते पाहिलं. क्लेंक निळ्या कोटात, कोटाला पिवळी किनार, कारण त्या सैन्यात घोडदळाचा रंग पिवळा. खाली त्यांची लोटे, पांढरी घोडी, थोराड आणि शांत. समोर ओढ्याच्या काठी करड्या कोटातला एक बारीकसा म्हातारा बंदूक घेऊन उभा. तो हान्स फोग्ट. लढाईत सेनापतीला लागणारी गोळी त्याची. क्लेंक घोडी दौडवत आले, बिगुलवाल्यावर ओरडले, सगळं ठरल्याप्रमाणे. पण फोग्टने बंदूक उचललीच नाही. तो नुसता उभा राहिला. क्लेंकनी लोटेला त्याच्यासमोरून वळवलं आणि निघून गेले. सेनापती जिवंत, लढाई संपली, लोक सॉसेजकडे वळले.

शेजारच्या बाईने मला सांगितलं ते असं. फोग्ट निवृत्त घड्याळजी, तीन घरं सोडून राहणारा, क्लेंकचा शाळेपासूनचा मित्र. वर्षानुवर्षं फोग्टने गोळी झाडायची आणि क्लेंकनी असं झकास पडायचं की लोक शिट्ट्या मारायचे. क्लेंकची बायको इंग्रिड पहिल्या रांगेत थर्मास घेऊन बसायची आणि नवरा पडला रे पडला की ओरडायची, पँट, पँट, कालच धुतलीय. इंग्रिड गेली. त्या वर्षी फोग्टने गोळी झाडली आणि क्लेंक पडले नाहीत. सगळ्या गावासमोर, इतक्या जवळून. फोग्टला तो अपमान वाटला. पुढच्या वर्षापासून त्याने बंदूक उचलली नाही आणि दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

मला नवल याचं वाटलं की जगाशी भांडणारे क्लेंक फोग्टशी मात्र भांडत नसत. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघंही भिंतीकडे बघायचे. शब्द नाही. या घराच्या जिन्यात इतका आरडाओरडा ऐकला मी, पण मला त्रास व्हायचा तो या शांततेचा.

मग एका सप्टेंबरात माझ्या सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आई सांगलीच्या. त्यांच्या वडिलांचा टांगा होता, त्यामुळे घोडा म्हटलं की त्या माहेरी पोचतात. क्लेंकच्या खिडकीतून खोगीर दिसलं आणि आई सरळ खाली गेल्या. मी मागून धावले, म्हटलं, "अहो आई, त्यांना मराठी येत नाही." आई म्हणाल्या, घोड्याला कुठे येतं. दुसऱ्या दिवशी दोघं तबेल्यात. ते जर्मनमध्ये बोलतायत, आई मराठीत, आणि मध्ये लोटे आईंच्या हातचा गूळ खातेय. आठवडाभरात आईंनी 'गेनाऊ' उचललं आणि ते कुठेही वापरू लागल्या. क्लेंकनी 'अगं बाई' उचललं. ते त्यांच्या तोंडी इतकं शोभायचं की इरा लोळून हसायची. हे सगळं काय चाललंय असं मी तिला विचारलं, तर ती जर्मनमध्ये म्हणाली, ओपा क्लेंकला, म्हणजे क्लेंकआजोबांना, आजी आवडते कारण ती त्याला रागावते. रागवायच्या खऱ्या. खरारा करताना लोटेच्या पोटाखाली ते ब्रश नीट फिरवत नाहीत म्हणून आई एवढ्या मोठ्या सेनापतीच्या हातातून ब्रश काढून घ्यायच्या.

त्या वर्षी क्लेंकनी आम्हाला सांगितलं की ही शेवटची लढाई. लोटे म्हातारी झाली, गुडघे त्यांचेही गेले, पुढच्या वर्षी दोघं निवृत्त. फक्त एकदा, शेवटचं, तिच्यावर बसून घोडदळाच्या पुढे जायचं. हे बोलताना ते कोणाशीच भांडत नव्हते, म्हणून मला काळजी वाटली. आईंनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, अगं, त्याच दिवशी दसरा.

झालं. आईंना जोर चढला. मी भाषांतर करत राहिले: या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची, वाहनांची पूजा होते, घोड्याची तर होतेच. या दिवशी सैन्य गावाची वेस ओलांडून मोहिमेला निघायचं. क्लेंक ऐकत होते, मिशा ताठ होत चालल्या होत्या. शेवटी ते म्हणाले की आल्झो, म्हणजे तर मग, माझा माणूस जिवंत असता तर त्याने हाच दिवस निवडला असता. लोटेची पूजा व्हायलाच हवी.

दसऱ्याच्या सकाळी तबेल्यात पूजा झाली. लोटेला झेंडूची माळ, कपाळाला हळदकुंकू, खुरांना हळद. आणि सांगलीला वडील करायचे तसं, आईंनी हळदीत थोडं तेल कालवून दोन्ही हात भिजवले आणि लोटेच्या पांढऱ्या पुठ्ठ्यांवर चांगले थाप मारून पंजे उमटवले. घोडी देखणी दिसत होती. क्लेंक तर हरखलेच, घोडदळाचा रंग, घोडदळाचा रंग, असं म्हणत तिच्याभोवती फिरत होते. लढाईआधी धुऊन टाकलं की जाईल, असं त्यांना वाटलं. आता हळद, तेलातली, पांढऱ्या घोडीवर. मराठी बाईला विचारायला हवं होतं. मी होते तिथेच, पण मला सकाळी सकाळी त्या आनंदावर पाणी घालवेना. मग त्यांनी स्पंज घेतला, साबण घेतला, घासलं, आणि पंजे गेले ते असे की लोटेचं मागचं अर्धं अंग पिवळं झालं.

हसू नका. त्या फेराइनमध्ये खरेपणाची तपासणी असते. त्या काळात नव्हतं ते अंगावर चालत नाही. चेन नको, प्लास्टिकचं बटण नको, मनगटावर घड्याळ नको. आणि ही तपासणी कोणाकडे, तर घड्याळजी फोग्टकडे. तो नाही म्हणाला की माणूस मैदानाबाहेर, घोडाही बाहेर.

कुरणाच्या तोंडाशी फोग्ट उभा होता, करड्या कोटात. क्लेंक लोटेचा लगाम धरून आले, मागे आई, मी, इरा. फोग्टने घोडीभोवती एक फेरी मारली. बोट लावलं, वास घेतला. मग क्लेंककडे न बघता शेजारच्या माणसाला सांगितलं की उत्तरेच्या सैन्यात पिवळी घोडी नव्हती, ही आत जाणार नाही.

मला वाटलं आता क्लेंक कुरण डोक्यावर घेतील. नगरपालिकेला नमवणारा माणूस. पण ते गप्प. फोग्टशी बोलायचं नाही म्हणून भांडायचंही नाही. शेवटची लढाई, आणि ती अशी फाटकातच संपत होती. मला इतकं वाईट वाटलं की मीच तोंड उघडणार होते.

आई पुढे झाल्या. पदरात त्यांनी गिंकोची पानं आणली होती, क्लेंकनी वाचवलेल्या झाडाची. आपटा जर्मनीत कुठला? पण गिंकोचं पान मधोमध चिरलेलं, थेट आपट्यासारखं, आणि ऑक्टोबरात पिवळंधमक. सकाळपासून आई वाटत सुटल्या होत्या. बेकरीवालीला दिलं, बसच्या ड्रायव्हरला दिलं. आता फोग्टच्या हातात पान ठेवून त्यांनी नमस्कार केला. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." मग मला म्हणाल्या, याला सांग, आज सोनं घेतलं की मनातलं सगळं सोडायचं असतं. आणि एक पान क्लेंकच्या हातात कोंबून म्हणाल्या, तुम्हीही द्या, असे लाकडासारखे उभे राहू नका.

मी सगळं जर्मनमध्ये सांगितलं, लाकडासकट.

क्लेंकनी पान पुढे केलं. फोग्टने ते घेतलं नाही, पण पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग क्लेंक बोलले, हळू, आमच्या जिन्यात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात.

"त्या वर्षी मला पडता आलं नसतं, हान्स. पडलो असतो तर उठलो नसतो."

लोटे आईंच्या पदरातलं एक पान ओढून खाऊ लागली.

"हे मला सांगायचं होतंस," फोग्ट म्हणाला.

"तू विचारायचं होतंस."

"मी विचारायचं? गोळी माझी, अपमान माझा, आणि विचारायचंही मीच?"

"मग कोणी? घोडीने?"

आवाज चढले. दोघांनी एकमेकांना इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं ऐकवलं, त्यात एका उसन्या नेलेल्या शिडीचाही उल्लेख होता. मागे अख्खं सैन्य खोळंबलं. आईंनी घाबरून विचारलं, काय गं, मारामारी होते की काय? मी म्हटलं, नाही आई, आता सगळं ठीक आहे. माझे डोळे भरून आले होते. शेवटी फोग्टने क्लेंकच्या हातातून पान जवळजवळ हिसकावलं, टोपीत खोचलं आणि जाहीर केलं की घोडी आत जाईल. घोडदळाचा रंग म्हणून चालवून घेऊ. एकाच अटीवर. आज सेनापती पडेल.

सेनापती पडले. काय सांगू तुम्हाला, किती वेळ पडत होते. पिवळी लोटे दौडत आली, म्हणजे चालतच आली पण ऐटीत, बिगुलवाल्याला झापून झालं, ओढ्याच्या काठी फोग्टने बंदूक उचलली आणि बार काढला. क्लेंकनी छातीवर हात ठेवला. लोटे आपणहून थांबली. मग ते तिच्या मानेवरून, आयाळीला धरून, इंच इंच करत खाली सरकले, गुडघे सांभाळून, आणि गवतावर उताणे झाले. टाळ्या, शिट्ट्या. लोटे हलेना. तिने मान खाली घातली आणि मेलेल्या सेनापतीच्या खिशात तोंड घालून गूळ शोधायला लागली. सेनापतीचं पोट गदगदा हलत होतं.

आईंना राहवलं नाही. पहिल्या रांगेतून त्या ओरडल्या, "अहो, गवत ओलं आहे, कपडे भिजतील!"

पोट हलायचं थांबलं. क्लेंकनी डोळे उघडले नाहीत, पण एक हात उचलून आमच्या दिशेने हलवला आणि परत मरून पडले. बिगुल वाजेपर्यंत ते नियमाप्रमाणे पडून राहिले. मग फोग्टने हात देऊन उठवलं. एका झटक्यात नाही जमलं, दोघंही खाली बसले.

त्याच डिसेंबरात मंदारची नोकरी इंगोलश्टाटला गेली आणि आम्ही ते गाव सोडलं. क्लेंक गेल्या वर्षी वारले, झोपेत, कोणाला त्रास न देता. फोग्टने फोन करून कळवलं. म्हणाला, माझ्याशी सकाळी भांडून गेला आणि उत्तर द्यायला थांबला नाही. मग तो रडला, आणि इकडे मी. आईंना सांगलीला फोन केला, तर त्यांनी आधी लोटेचं विचारलं. लोटे फोग्टकडे आहे, मजेत आहे.

पण मला क्लेंक आठवतात ते घर सोडायच्या दिवशीचे. सामान भरून झालं होतं, आई गाडीत पुढे बसल्या होत्या, इरा मागे रडून झोपली होती. केअरवोखे आमचा होता, पाटी आमच्याच दारावर, आणि मी घाईत झाडलंच नव्हतं. म्हटलं, आता शेवटची बोलणी खाऊन जाऊ. मी झाडू घेऊन खाली आले तर फुटपाथवर आधीच दोन झाडू चालले होते. क्लेंक डावीकडून उजवीकडे झाडत होते, फोग्ट उजवीकडून डावीकडे, आणि पानांचा ढीग मध्येच अडकला होता. वारा कुठून येतो यावर दोघांची जुंपली होती. इतकी, की मी 'येते' म्हटलेलं एकालाही ऐकू गेलं नाही.

मंदारने गाडी काढली. मी मागे वळून पाहिलं तर क्लेंकनी झाडू तलवारीसारखा वर धरला होता, आणि फोग्ट काही केल्या पडत नव्हता.